डोमेन तापवण्याचे दिवस

९ जानेवारी, सकाळी १०.४०

नवी वही. एरवी पहिले पान कोरे सोडतो, कोरे पान नुसते पाहायला आवडते म्हणून. या वेळी सोडले नाही. वेळ नाही. सात वर्षे निवृत्तीत काढल्यावर आजपासून मी पुन्हा कामाचा माणूस.

काल जेवताना मुलीने विषय काढला. कारखाना आता तीच चालवते. कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या, एक कटिंग मशीन, एक प्रेस आणि बाइंडर. जुन्या पुस्तकांना नवी पाठ, नवे पुठ्ठे. मोठे गिऱ्हाईक होते ते एक कॉलेज. त्यांनी सगळी मासिके कॉम्प्युटरवर नेली. आता त्यांच्याकडे बांधायला काही उरले नाही. मार्चअखेरपर्यंत नवी लायब्ररी मिळाली नाही तर बाइंडरला घरी बसा म्हणावे लागेल, असे ती म्हणाली. म्हणताना पाण्याच्या भांड्याकडे पाहत होती. बाइंडर आमच्याकडे एकतीस वर्षे आहे.

मी हात धुऊन येईपर्यंत जबाबदारी घेऊन टाकली. अनोळखी ग्रंथपालांना ईमेल लिहून कामे मिळवायची. मुलगी म्हणाली, बाबा, हे वाटतं तेवढं सोपं नाही. मी हसलो. पत्र लिहिणे हा माझा प्रांत आहे.

सकाळी कारखान्यात जाऊन बाइंडरला सांगितले, काळजी करू नका, मी आहे ना. तो म्हणाला, "मालक, तुम्ही तर आहातच," आणि प्रेसचा स्क्रू पुसत राहिला. केवढा हा विश्वास.

११ जानेवारी

अडथळा. मुलगी म्हणते, ही पत्रे आपल्या नेहमीच्या ईमेलवरून जाता कामा नयेत. वेगळे डोमेन घ्यायचे. अनोळखी माणसाला पत्र आवडले नाही की तो स्पॅमचे बटण दाबतो. तशी चार बटणे दाबली गेली की ते नावच बदनाम होते, आणि मग त्या नावाने गेलेले काहीही कचऱ्यात पडते. आपली कोटेशने, बिले, सगळी मुख्य नावाने जातात. त्याला डाग नको.

मी तत्त्वाचा मुद्दा काढला. दुसऱ्या नावाने लिहिणे हा खोटेपणा नव्हे काय? ती म्हणाली, नाव आपलंच, शेवटी एक शब्द जोडायचा, वेष पालटायचा नाही. मी विचार करतो म्हणालो. विचार केला. पटले. पण लगेच सांगितले नाही, जेवणानंतर सांगितले.

१२ जानेवारी

डोमेनसाठी अकरा नावे काढली. सगळ्यात सरस: पानापानांतूनउमलेपहाट. इंग्रजी अक्षरांत चोवीस होतात. हिने, म्हणजे बायकोने, विचारले, एवढं टाइप कोण करणार? मी म्हटले, ज्याला पुस्तकांवर प्रेम आहे तो. ही म्हणाली, मग त्याला चष्मा लागलेला असणार.

मुलीने परस्पर आपल्या नावापुढे 'बाइंडिंग' जोडून डोमेन घेऊन टाकले. काव्य शून्य. मोठ्या मनाने होकार दिला. होकार कोणी मागितला नव्हता, पण देणे बरे.

१५ जानेवारी, दुपार

नुसते डोमेन घेऊन भागत नाही. तीन नोंदी कराव्या लागतात. एक, आमच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणाला. दोन, प्रत्येक पत्रावर एक गुप्त सही. तीन, सही जुळली नाही तर त्या पत्राचे काय करायचे. मला तर हे शाळेसारखेच वाटले. हजेरीपट, मुख्याध्यापकांची सही, आणि पालकांना चिठ्ठी.

गुप्त सही म्हणजे चारशेच्या आसपास अक्षरांची एक माळ. अर्थ काही नाही. मुलगी बाहेर गेली होती. मी ती माळ स्क्रीनवरून या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. हस्ताक्षराचे बक्षीस मला सहावीत होते. साडेतीन पाने. आता ही वाचून दाखवील आणि मी टाइप करीन. उद्यापर्यंत होईल.

१७ जानेवारी

झाले नाही. ही "कॅपिटल के, छोटा क्यू" असे म्हणत दोनशे अक्षरांपर्यंत आली आणि तिथे थांबली. म्हणाली, हे शून्य की ओ? मी म्हटले, माझ्या अक्षरात शून्य आणि ओ यांत फरक आहे. ही म्हणाली, तो फक्त तुमच्या मनात आहे. लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली. अक्षरावरून बोललेली ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी मुलगी आली. तिने ती माळ उचलली आणि जिथे हवी तिथे ठेवली. चार सेकंद. मी घड्याळाकडे पाहत होतो.

तरी वहीत एक प्रत असलेली चांगली.

१८ जानेवारी

डोमेन तयार. आजच दोनशे पत्रे सोडावीत म्हणून बाह्या सरसावून बसलो. मुलीने लॅपटॉप मिटला. नवे डोमेन आधी तापवावे लागते. कालपर्यंत ज्याचे नाव नव्हते त्याने आज एकदम दोनशे पत्रे टाकली तर मोठ्या मेलकंपन्यांना संशय येतो. म्हणून रोज पाच, मग आठ, मग बारा. ओळखीच्या माणसांना. त्यांनी उघडली पाहिजेत, उत्तरे दिली पाहिजेत. असे महिनाभर. मग ग्रंथपाल, तेही रोज दहा.

हे सगळे आपोआप करणारे एक सॉफ्टवेअर असते म्हणे. यंत्र यंत्राला लिहिते, यंत्र उत्तर देते. मी स्पष्ट नकार दिला. माझे आठवीचे सहा वर्गमित्र जिवंत आहेत आणि सहाही जणांकडे ईमेल आहे. यंत्र कशाला?

मुलीने लॅपटॉप पुन्हा उघडला. मग म्हणाली, "ठीक आहे बाबा. पण छोटं लिहा. आणि भांडू नका."

भांडायला आम्ही काय लहान आहोत?

२० जानेवारी

पहिली पाच पत्रे रवाना. भूगोल (आयुष्यभर तो विषय शिकवला, त्यावरून), टपाल (पोस्टातून निवृत्त), कर्नल (सैन्यात कधीच नव्हता, फक्त तसा चालतो), डॉक्टर (औषधाचे दुकान), आणि मेव्हणा. हा आधी वर्गमित्र होता, मेव्हणा नंतर झाला. सहावा, बडबड्या, उद्या.

पत्राच्या माथ्यावर आमच्या आठवीच्या पुस्तकातली ओळ घातली:

दिव्या, तुझी रे वात इवलीशी, अंगण माझे केवढे!
पाऊल जेथे पडेल माझे, उजळ मला तू तेवढे.

दुपारपर्यंत चार उत्तरे. भूगोल लिहितो, ओळ वाचून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. टपालने आत काही न लिहिता कोरेच उत्तर पाठवले, पण पाठवले. मुलीला आकडा सांगितला. ऐंशी टक्के. ती खूश झाल्यासारखी दिसली.

२९ जानेवारी

डोमेन मस्त तापते आहे. रोज बारा पत्रे, म्हणजे प्रत्येकाला दोन. आमचा वर्ग पुन्हा भरला आहे. खिडकीतला बाक, गळका नळ, मराठीच्या बाईंचा चष्म्यावरून बघण्याचा तो ढंग. डॉक्टरने लिहिले की बाई कविता शिकवताना खडू टेबलावर ठेवत, हातात धरत नसत. मी विसरलो होतो. वाचून दोन मिनिटे काही दिसेना.

मुलगी म्हणाली, पत्रं फार लांब होताहेत. मी सांगितले, लांब पत्राने डोमेन जास्त खोलवर तापते. तिला हे शास्त्र माहीत नसावे.

६ फेब्रुवारी

बाइंडरला काम नाही. आज त्याने आमच्या घराची तीन वर्षांची लाइटबिले एकत्र शिवून कापडी पाठीचा ग्रंथ केला. पाठीवर सोनेरी अक्षरांत 'वीज'. फार देखणा. मी म्हटले, वा. तो म्हणाला, हात गंजतात हो मालक.

लवकरच तापणार, असे मी म्हणालो. त्याला संदर्भ नसल्यामुळे त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

१० फेब्रुवारी

भूगोलाच्या पत्रात एक वाक्य: "दिव्याच्या याच कवितेला आठवीत पाठांतराचं पहिलं बक्षीस मला मिळालं होतं, आठवतं का?"

नाही आठवत. कारण ते मला मिळाले होते.

सौम्य शब्दांत कळवले. सगळ्यांना प्रत पाठवली. सत्य सगळ्यांना माहीत असलेले बरे.

१३ फेब्रुवारी

भूगोल पुरावा मागतो. मी पुरावा म्हणून एकूण सात पत्रे लिहिली, प्रत्येक सहाही जणांना. मुद्दा पहिला, सभागृहातली जागा. मुद्दा दुसरा, माझा त्या दिवशीचा सदरा. मुद्दा तिसरा, टाळ्या. मुलीने रोज पंधरा पत्रांची मर्यादा घातली होती, आज बेचाळीस गेली. पण विषयच तसा होता.

कर्नलचे उत्तर: तुझ्या टाळ्या मला आठवत नाहीत, तुझा सदरा आठवतो. हे उत्तर कोणत्या बाजूचे, कळत नाही. मेव्हणा म्हणतो, मी दोघांच्याही बाजूने आहे. बहिणीचा विचार करून तरी एक बाजू घ्यायला हवी होती.

१६ फेब्रुवारी

बडबड्याने वर्गमित्रांच्या ग्रुपवर मतदान जाहीर केले. जे भूगोलाच्या बाजूचे आहेत, त्यांनी माझ्या ताज्या पत्रावर ते लाल खूण असलेले बटण दाबावे. निषेध नोंदवायची ती अधिकृत सोय आहे, असे कर्नलने खात्रीने सांगितले. त्याच्या नातवाने दाखवले होते म्हणे.

संध्याकाळी निकाल. पाच निषेध. एक तटस्थ: टपालला बटण सापडले नाही. मेव्हण्यानेही दाबले. फोन करून म्हणाला, रोज सात सात पत्रं येत होती दाजी, मी बक्षिसासाठी नाही, पत्रांसाठी दाबलं.

लोकशाही आहे. मी निकाल स्वीकारला. पत्रव्यवहार बंद. मित्रांनी नुसते बटण दाबले, आभाळ थोडेच कोसळणार?

मुलीला यातले काही सांगितले नाही. तिच्या कामाशी याचा संबंध नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळी ९

आठवडाभर डोमेन शांत ठेवले. तापलेली वस्तू थोडी निवू द्यावी.

ग्रंथपालांची यादी मुलीने केव्हाच दिली आहे. तीनशे बारा नावे. रोज दहा, असे ती म्हणाली होती. मी हिशेब केला. एकतीस दिवस लागतील आणि मार्च संपत येईल. बाइंडरने काल शिलाईची सुई काढून तेल लावून डबीत ठेवली. डबीचे झाकण लावताना त्याने ते दोनदा दाबले.

मी पत्र तयार केले. माथ्यावर दिव्याची ओळ. मग पुस्तकाचा आत्मा आणि त्याचे शरीर यांवर तीन परिच्छेद. मग आमच्या वर्गातले एक पान फाटलेले पुस्तक. शेवटच्या परिच्छेदात बाइंडिंग.

सकाळी ९.२०. तीनशे बाराही पाठवली. एका दमात. खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पत्रे जात आहेत असे खरोखर दिसत होते.

२४ फेब्रुवारी

उत्तर आले. पहिल्याच दिवशी. एका ग्रंथपालबाईंचे. लिहितात की त्या ५ मार्चपर्यंत रजेवर आहेत आणि आल्यावर लवकरात लवकर उत्तर देतील. रजेवर असताना एका अनोळखी माणसाला पत्र लिहिण्याची तसदी घेतली. या काळात कोण करते हो? सविस्तर आभार मानले. दोन मिनिटांत पुन्हा उत्तर, शब्दशः तेच. बाई निश्चयी दिसतात.

बाइंडरला सांगितले, एक लायब्ररी जवळजवळ आलीच. त्याने डबी उघडली.

५ मार्च

बाई आज रुजू झाल्या असणार. दिवसभर मेल उघडून बसलो. ही म्हणाली, त्या बाईंना आधी चहा तरी घेऊ द्या.

इतर तीनशे अकरा जण विचार करत आहेत.

७ मार्च

अजून विचार करत आहेत.

१० मार्च, संध्याकाळ

मुलीने विचारले, रोजचे दहा कुठपर्यंत आले? मी सांगितले.  तिने आमच्या डोमेनवरून स्वतःच्या, हिच्या आणि शेजारच्यांच्या पत्त्यावर एकेक पत्र पाठवले. तिन्ही कचऱ्यात सापडली. मग तिने कुठले तरी पान उघडले. त्यावर आमच्या डोमेनची प्रतिष्ठा एका शब्दात लिहिली होती: वाईट.

शाळेच्या प्रगतिपुस्तकातही माझ्या नावापुढे हा शब्द कधी आला नव्हता.

तिने विचारले, एवढ्या लहान डोमेनवर तक्रारी केल्या कोणी? तापवतानाच पाच तक्रारी दिसतात. मला सांगावे लागले. बक्षीस, मतदान, लाल बटण, सगळे. ऐकताना तिचे ओठ हलत होते. मला वाटले रागावली आहे. ती हसू आवरत होती. मग तेही थांबले. तिने लॅपटॉप हळूच आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "राहू दे बाबा आता. मी बघते."

हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. लहानपणी ती गणिते सोडवत नसे तेव्हा मी याच आवाजात म्हणत असे.

११ मार्च, पहाटे ५.३०

झोप झाली नाही. या वहीला माझ्याशिवाय कोणी वाचक नाही, तेव्हा लिहून टाकतो.

आठवीत दुसऱ्या कडव्याला मी अडकलो होतो. सभागृह भरलेले, सदरा नवा, आणि दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द गेला. पहिल्या रांगेत भूगोल बसला होता. त्याने ओठांनी तो शब्द पुरवला. मग पुढचा. संपूर्ण कडवे त्याने असे ओठांनी म्हटले आणि मी मोठ्याने. टाळ्या झाल्या त्या मला. बक्षीस कोणाला मिळाले, ते खरे म्हणजे मला आठवत नाही. टाळ्या आठवतात.

आज बाइंडरला सांगितलेच पाहिजे. काय सांगणार? मी आहे ना, हे सोडून काहीतरी.

११ मार्च, सकाळी ११

कारखान्याला कुलूप. बाइंडरने रजा टाकली आहे. एकतीस वर्षांत तिसरी.

भूगोलाला फोन केला. कडव्याचे सांगितले. तो म्हणाला, मला वाटलं तुला कळलंच नसेल की मी पुरवतोय, म्हणून इतकी वर्षं बोललो नाही. मी विचारले, मग बक्षीस? तो म्हणाला, "तेही तुलाच होतं रे. मी गंमत केली होती, पण एवढी पत्रं आली, की मलाच शंका यायला लागली."

१४ मार्च

बाइंडर आला. तीन दिवस पिशवीत एक जाडजूड शब्दकोश घेऊन बसने हिंडत होता. अर्धा शब्दकोश फाटका ठेवला होता, अर्ध्याला नवी पाठ. लायब्रऱ्यांत जाऊन टेबलावर ठेवायचा आणि गप्प उभा राहायचा. पाच ठिकाणी नको म्हणाले. सहाव्या ठिकाणी एकशे चाळीस संदर्भग्रंथ दिले. एप्रिलपासून. ही तीच लायब्ररी, रजेवरच्या बाईंची.

मी ताबडतोब विचारले, माझ्या पत्राचा विषय निघाला का?

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "निघाला मालक. आपलं नाव सांगितलं तर बाई म्हणाल्या, थांबा, आणि कचऱ्यातून तुमचं पत्र काढलं. मोठ्याने वाचायला लागल्या, मधेच बंद केलं. मला म्हणाल्या, हे कोण? मी म्हटलं, माणूस चांगला आहे."

पत्र वाचले गेले, एवढे निश्चित. तीनशे बारापैकी एक वाचले गेले आणि त्या एकाचे काम आले. शंभर टक्के. मुलीला हा आकडा सांगावा म्हणून उठलो. तिच्या खोलीत ती आणि बाइंडर ग्रंथांची यादी करत होते. दारातून परत आलो.

२ एप्रिल

मुलीने आणखी एक डोमेन घेतले आहे. पासवर्ड मला ठाऊक नाही. विचारला नाही, म्हणजे एकदाच विचारला. या वेळी तापवण्याचे काम ते सॉफ्टवेअर करते. शिवाय काही खऱ्या माणसांचेही पत्ते लागतात, जे पत्र कचऱ्यात पडले असेल तर बाहेर काढतील आणि छोटेसे उत्तर देतील. त्यांत माझा पत्ता घातला आहे. उत्तरात फक्त 'धन्यवाद' लिहायचे. दुसरे काही नाही, हे तिने दोनदा सांगितले.

कारखान्यात कटिंग मशीन सकाळपासून चालू आहे. खोलीपर्यंत ऐकू येते.

आज पाच आली. दोन कचऱ्यात होती, काढली. पहिल्यात यंत्राने लिहिले होते, "कालच्या चर्चेबद्दल आभार, पुढचे कळवावे." कसली चर्चा, कोणाशी, काही नाही. यावर लिहिण्यासारखे पुष्कळ होते.

पाचही पत्रांना 'धन्यवाद' लिहिले. मुलीने येऊन पाहिले आणि म्हणाली, बाबा, हे तुम्हाला अगदी छान जमतं.